वनमालाबाईंचे सत्तावीस दिवस

चोरीला गेलेली वस्तू

सत्तावीस दिवस. एका त्रेसष्ट वर्षांच्या बाईचे, सलग. त्यांतले पहिले तीन तर तिला आठवतही नाहीत.

झाशी रस्त्यावरच्या एका खासगी मनोरुग्णालयात वनमाला खांबेटे यांना एका शनिवारी दुपारी दाखल केलं गेलं. त्यांची संमती नव्हती. भावाचा अर्ज होता आणि दोन तज्ज्ञांनी वेगवेगळं तपासल्याचे दोन कागद होते. कायद्याला एवढं पुरतं, पण तीस दिवसांपुरतंच. तिसावा दिवस येत्या रविवारी होता. रुग्णालयाने मानसिक आरोग्याच्या मंडळाकडे आणखी नव्वद दिवस मागितले होते.

त्याच टपालात आणखी एक कागद आला. वॉर्डातल्या जेवणाच्या तक्त्याची मागची कोरी बाजू, वर शिसपेन्सिलीने चार वाक्यं. मी इथे आहे. मला इथे राहायचं नाही. मला अजून कुणी काही विचारलेलं नाही. कुणीतरी येऊन विचारा.

सुनावणी शुक्रवारी. फाईल माझ्या हातात आली बुधवारी सकाळी.

तपासणारा

मल्हारराव काटकर. अशा प्रकरणांच्या मंडळावर निवृत्त न्यायाधीश असतात, डॉक्टर असतात, सरकारी अधिकारी असतात, आणि हा आजार स्वतः भोगलेला एक माणूस असावा असं कायदा म्हणतो. तो माणूस मी. बावीस वर्षांपूर्वी मला एकेचाळीस दिवस कोंडलं होतं. आजोबा घोडदळात, वडील पोलिसात आणि मल्हारी वेड्यांच्या दवाखान्यात, असं आमची आत्या पाहुण्यांना कौतुकाने सांगायची.

रात्री मी एक गोळी घेतो. तिच्यामुळे सकाळी दहापर्यंत ग्वाल्हेर पाण्याखाली असतं. किल्ला डोंगरावर टेकलेला नसतो, वीतभर वर असतो. रिक्षांचे आवाज खालून कुठून तरी बुडबुड्यांसारखे येतात. या वेळात मी कुणाशी वाद घालत नाही. फक्त वाचतो.

लक्षणं

पहिला कागद. डॉ. विक्रमसिंह, मानसोपचारतज्ज्ञ. मंगळवार, सकाळी दहा चाळीस, रुग्णाच्या घरी.

*काठाची हिरवी साडी. मागच्या अंगणातून अतिशय हळू चालत येते. उजव्या मुठीत सात दगड, मागितल्यावर मूठ आवळते. तोंडात पाणी धरलेलं, गिळत नाही, थुंकत नाही. नाव, वार, गाव विचारलं, एकाही प्रश्नाला उत्तर नाही. दगडांमुळे इतरांना धोका.*

दुसरा कागद. डॉ. अवंतिका, त्याच रुग्णालयातल्या मानसशास्त्रज्ञ. शनिवार, सकाळी सव्वानऊ, रुग्णाच्या घरी.

*हिरवी साडी. मुठीत सात दगड, देत नाही. तोंडात पाणी. प्रश्नांना उत्तर नाही. धोका.*

तिसरा कागद, शनिवारी दुपारी दाखल करताना अंगावर सापडलेल्या वस्तूंची यादी. *फिकट गुलाबी नायटी, चष्मा, प्लास्टिकच्या चपला, डाव्या हातात दोन बांगड्या.*

पाण्याखालून हे तीन कागद मी दोनदा वाचले. मग उशीवर डोकं टेकलं.

झोप

हिरवी साडी अंगणातून चालत येते. तिला पाय नाहीत. दगड तिच्यापुढे चालताहेत, एकामागे एक, शाळेतल्या मुलींसारखे. सगळ्यांत मागचा दगड वळून मला विचारतो, तुमच्या घरच्या कुठे उतरल्या?

जाग आली तेव्हा साडेदहा वाजले होते आणि किल्ला जागेवर होता.

रुग्ण

वनमालाबाई खिडकीजवळ खुर्चीत बसल्या होत्या. केस नीट विंचरलेले. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्या बत्तीस वर्षं होत्या. आयुष्यभर बोलण्याचाच पगार घेतला म्हणाल्या. जीभ औषधांमुळे जड झाली होती, तरी त्या प्रत्येक शब्द लाईनवर पलीकडच्याला ऐकू जाईल असा उच्चारत होत्या. जवळ एक नर्स कागद घेऊन उभी होती.

आजार आहे का, हे मी सरळ विचारलं. मला तसं विचारलेलं आवडलं असतं.

"आहे की. चौतीस वर्षं आहे. बी.पी.सुद्धा आहे. बी.पी.साठी कुणी कोंडत नाही."

गोळ्या त्या रोज घेत होत्या, त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांना दाखवत होत्या. ऑगस्टमध्ये त्यांनी किला गेटला एक खोली भाड्याने ठरवली. लग्न केलं नव्हतं, आयुष्य भावाच्या घरी गेलं होतं, आता थोडे दिवस स्वतःच्या कुलुपाने दार उघडायचं होतं. एक तारखेला जायचं ठरलं होतं. एक तारीख त्यांनी या खिडकीतून पाहिली.

त्या शनिवारचं काय आठवतं? सकाळी भावाने चहा दिला. तो कडू लागला. त्यानंतर आठवतो तो मंगळवार, आणि हा पलंग.

आणि त्याच्या आधीचा मंगळवार? मुठीत दगड होते का?

"दगड नव्हते."

"मग काय होतं?"

"पाहुण्या होत्या."

नर्सने कागदावर काहीतरी लिहिलं. वनमालाबाईंनी तिच्या पेनाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि ओठ मिटले. मी आणखी दोन प्रश्न विचारले. त्यांनी मान हलवली. मी उठलो तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "मी जेवढं समजावते तेवढं ती लिहिते, काटकर. घरी जाऊन विचारा."

घर

खांबेट्यांचं घर दाल बाज़ारच्या मागच्या गल्लीत, दुसऱ्याच पायरीवर तूरडाळीचा वास येतो. भाऊ लक्ष्मीकांत जिल्हा न्यायालयात पेशकार, म्हणजे न्यायाधीशांपुढे कागद ठेवणारे कारकून होते, तीन वर्षांपूर्वी त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. त्यांनी मला बसायला खुर्ची दिली आणि स्वतः उभे राहिले, समोर न्यायाधीश असावा तसे. बोलणं मोजकं. ताईला पूर्वीही झटके आले होते. या वेळी डॉक्टरांना कुणी बोलावलं ते त्यांना ठाऊक नव्हतं. बहुधा बायकोने असेल, घरातला फोन सगळेच वापरतात. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून त्यांनी अर्जावर सही केली.

त्यांची बायको गरिमा मूळची मुरारची, हिंदी घरातली. तीस वर्षांत मराठी शिकली, पण रागावली की माहेरच्या भाषेत जाते. तिने फोन केला नव्हता.

"मैं क्यों बुलाऊंगी? जीजींना नेलं तेव्हापासून या घरात माझ्याशी बोलतंय कोण? हे तर पेपरच वाचतात."

मी फाईलमधलं पहिल्या तपासणीचं वर्णन वाचून दाखवलं. हिरवी साडी, सात दगड, तोंडात पाणी. गरिमाने पदर तोंडाला लावला. त्यांची मुलगी सोनल दारात उभी राहून ऐकत होती. ती आधी हसली आणि मग तिला रडू आलं.

"काका, आत्याला गौरींसाठी अंदर किया? सीरियसली?"

मला कळलं नाही, आणि कळलं नाही याची लाज वाटली. आमच्या मराठ्यांच्या घरी भाद्रपदात गौरी येतात त्या मुखवट्यांच्या. त्यांना साड्या नेसवतात, दागिने घालतात, त्या दोन दिवस दिवाणखान्यात उभ्या राहतात. खांबेट्यांकडे कोकणातून आलेली रीत आहे. त्यांच्या गौरी म्हणजे सात खडे. घरातली कुमारिका पाण्याच्या काठून ते उचलते आणि मुक्याने घरात आणते. वाटेत शब्द जाऊ नये म्हणून तोंडात पाण्याची गुळणी धरते. देवापुढे खडे ठेवले की मगच बोलायचं. पूर्वी मागे आड होता, तो बुजवल्यापासून अंगणातल्या नळावरून आणतात. आणि घरातली कुमारिका कोण, तर त्रेसष्टाव्या वर्षीही वनमालाबाईच. यावरून दर वर्षी घरात हशा व्हायचा.

डॉ. विक्रमसिंह भिंडचे, हिंदी घरातले. त्यांनी जे पाहिलं ते खरंच पाहिलं होतं. सणाच्या साडीतली एक बाई देवी घेऊन चालली होती आणि त्यांनी तिला वार विचारला.

"गौरी किती दिवस असतात तुमच्याकडे?" मी विचारलं.

सोनलने बोटांवर सांगितलं. मंगळवारी आल्या, बुधवारी जेवल्या, गुरुवारी संध्याकाळी गेल्या. तिनेच सागरतालावर जाऊन खडे पाण्यात सोडले होते, सँडल भिजली म्हणून तिला आठवत होतं. तिने फोनमधला फोटो दाखवला. तळहातावर सात खडे, मागे तलावाचं पाणी, वर गुरुवारची वेळ.

मी फाईल पुन्हा उघडली.

गुरुवारी तलावात गेलेले खडे शनिवारी सकाळी वनमालाबाईंच्या मुठीत कुठून आले?

दुसरी तपासणी

डॉ. अवंतिका तिशीच्या आतल्या होत्या. त्यांच्या टेबलावर चांगला पेनस्टँड होता आणि त्या एकेक पेन काढून परत ठेवत होत्या. आपण शनिवारी सव्वानऊला त्या घरी गेलो होतो, असं त्यांनी दोनदा सांगितलं.

मी वाद घातला नाही. घराला किती पायऱ्या आहेत, कसला वास येतो, एवढंच विचारलं. मग वस्तूंची यादी त्यांच्यापुढे सरकवली. यादीत हिरवी साडी नव्हती, दगडही नव्हते. मुठीतले दगड न देणाऱ्या बाईने ते वाटेत कुठे ठेवले? मग सोनलचा फोटो दाखवला. खडे म्हणजे काय आणि ते कधी जातात, हे शक्य तेवढं सावकाश सांगितलं.

पेनं थांबली.

खरी गोष्ट लहानच होती. शनिवारी वनमालाबाई गाडीतून आल्या तेव्हा झोपलेल्या होत्या. भावाने चहात काहीतरी दिलं होतं आणि वर रुग्णालयाच्या माणसाने सुई दिली होती. दुसऱ्या तज्ज्ञाचा कागद नव्हता आणि त्याशिवाय भरती करता येत नव्हती. वरिष्ठ म्हणाले, उठवू नका, केस स्पष्ट आहे, लिहून टाका. अवंतिकांनी मंगळवारचा कागद समोर ठेवला आणि शनिवारची तारीख घातली.

"मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते चौथ्या दिवशी," त्या म्हणाल्या. "छान बोलत होत्या. मला वाटलं, औषधाने फरक पडला."

इथे खरं तर प्रकरण संपलं. एकच तपासणी असेल तर कोंडणं बेकायदेशीर, सत्तावीसचे सत्तावीस दिवस बेकायदेशीर. पण मला ती पहिली तपासणी सोडवत नव्हती. वर्षातून पाच मिनिटं ही बाई बोलत नाही, आणि डॉक्टर नेमका त्याच पाच मिनिटांत आला होता.

डॉ. विक्रमसिंहांनी वही उघडून दाखवली. फोन सोमवारी संध्याकाळी सातला आला होता, खांबेट्यांच्या घरून. स्वागतकक्षातल्या बाईने निरोप उतरवून घेतला होता. *कल सुबह साढ़े दस और पौने ग्यारह के बीच ही आइए। दौरा उसी समय पड़ता है।* म्हणजे झटका नेमका त्याच वेळी येतो.

फोन करणारी व्यक्ती बाई होती की पुरुष, हे तिला आता सांगता येईना.

झोप

एक्स्चेंजमध्ये खूप दिवे आहेत. प्रत्येक दिवा एक घर. वनमालाबाई वायर लावतात आणि विचारतात, कोण बोलतंय? पलीकडे कुणीतरी श्वास घेतं. त्या म्हणतात, काटकर, हा नंबर आतूनच आलाय.

वेळ

गुरुवारी सकाळी, डोक्यावर पाणी असतानाच, मी पुन्हा दाल बाज़ारच्या मागे गेलो. लक्ष्मीकांत फिरायला गेले होते. बरंच झालं. मला गरिमाला एकच गोष्ट विचारायची होती, गौरी नेहमी किती वाजता आणता?

तिने लगेच तक्रार सुरू केली. दर वर्षी दिवे लागल्यावर. यंदा मंगळवारी सकाळी आंघोळ करून हे बाहेर आले आणि म्हणाले, नक्षत्र दुपारी संपतंय, साडेदहाला आणायच्या. ना रांगोळी झालेली, ना भाजी-भाकरीचा नैवेद्य. दोघी मायलेकी धावतपळत पुढच्या दारात आरती घेऊन उभ्या राहिल्या. घंटा वाजवत जीजींबरोबर मागे दर वर्षी गरिमा जायची, या वर्षी हे म्हणाले मी जातो. मागे कुणी साहेब आलेले तिला दारातून दिसले होते. दर्शनाला आले असतील असं तिला वाटलं.

सोमवारी रात्री झोपताना तिला वाटत होतं की गौरी उद्या संध्याकाळी येणार. सोनललाही, वनमालाबाईंनाही. सोमवारी संध्याकाळी सातला साडेदहाची वेळ सांगू शकणारं माणूस घरात एकच होतं.

स्वयंपाकघराच्या भिंतीवर पुण्याहून मागवलेलं पंचांग टांगलं होतं. मी सप्टेंबरचं पान मागे उलटलं. त्या मंगळवारी नक्षत्र रात्री आठपर्यंत होतं. खांबेट्यांच्या घराण्यात सहा पिढ्या मुहूर्त काढत आल्या आहेत. नक्षत्र वाचताना चूक होणारा माणूस तिथे जन्मला नसावा. लक्ष्मीकांतांनी वेळ काढली नव्हती, बदलली होती.

भाऊ

फूलबागेत ते एका बाकावर बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर. मी शेजारी बसलो. ऑक्टोबरचं ऊन अजून कोवळं होतं आणि झाडांमधून माणसं चालत नव्हती, तरंगत होती. मी सगळं सांगितलं: खडे, गुरुवार, फोन, पंचांग. पेशकाराने साक्ष उतरवून घ्यावी तसं त्यांनी ऐकलं.

मग बराच वेळ त्यांनी वेगळंच सांगितलं. चौतीस वर्षांपूर्वी ताई पहिल्यांदा आजारी पडली तेव्हा ती एका दुपारी घरातून निघून गेली. ते चोवीस वर्षांचे होते. झाशी, बीना, आग्रा, प्रत्येक स्टेशनवर फोटो दाखवत फिरले. अकराव्या दिवशी धौलपूरच्या फलाटावर ती सापडली. पायांत चपला नव्हत्या. तिने भावाला ओळखलं नाही. त्यानंतर ती रोज रात्री घरात झोपली आहे हे पाहिल्याशिवाय त्यांना झोप लागली नव्हती, आणि आता ती किला गेटला जाणार म्हणत होती.

"तिच्याशी बोलायचंत," मी म्हटलं.

"बोललो. ती बरोबर होती. तिचं सगळंच बरोबर होतं." त्यांनी चष्मा काढला. "ती बोलली असती तर तिला कुणी नेलं नसतं, मल्हारराव. कुठल्याही डॉक्टरपुढे बसवा, दहा मिनिटांत तोच तिला चहा पाजेल. मला अशी वेळ हवी होती की ती बोलणार नाही."

"आणि शनिवारचा चहा?"

त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. एक बाई लहान मुलाला घेऊन आमच्यासमोरून गेली.

बावीस वर्षांपूर्वी मला दारापर्यंत पोचवायला माझा थोरला भाऊ आला होता. माझा हात धरून, अगदी प्रेमाने. ते मी लक्ष्मीकांतांना सांगितलं. तो नंतर दर रविवारी यायचा आणि मी भिंतीकडे तोंड करून झोपायचो, हेही सांगितलं. भाऊ गेला त्याला नऊ वर्षं झाली. आमचं बोलणं राहूनच गेलं.

"उद्या तुम्हीच सांगा," मी उठताना म्हटलं. "माझ्याकडून ऐकण्यापेक्षा तिला तुमच्याकडून ऐकू द्या."

सुनावणी

मंडळ साध्या खोलीत बसतं. पंखा, लांब टेबल, पाण्याचा जग. शुक्रवारी वनमालाबाई स्वतःच्या कपड्यांत आल्या होत्या, सोनलने आणलेल्या. लक्ष्मीकांत उभे राहिले आणि त्यांनी सांगितलं. फोन, मुहूर्त, चहा, काहीच वगळलं नाही. आवाज कोर्टातला होता, सपाट. वनमालाबाई त्यांच्याकडे पाहत राहिल्या. त्या रागावल्या होत्या, पण अगदी आश्चर्यचकित झालेल्या माणसासारख्याही दिसत होत्या. मुहूर्ताचं सांगून झालं तेव्हा एकदाच म्हणाल्या, "देवासमोर, लक्ष्या?"

अध्यक्षांनी कोंडणं रद्द केलं. रुग्णालयाचं आणि दुसऱ्या कागदाचं प्रकरण वर राज्याच्या प्राधिकरणाकडे पाठवलं. मग त्यांनी वनमालाबाईंना समजावलं की त्या या क्षणापासून मोकळ्या आहेत. पण पुढे कधी आजार बळावला तर त्यांच्या वतीने कुणी बोलावं, हे त्या स्वतः ठरवून ठेवू शकतात. साधा कागद चालतो, खाली सही.

त्यांनी कागद मागितला. बराच वेळ लिहिलं. लिहून झाल्यावर त्यांनी तो भावाकडे सरकवला आणि मोठ्याने वाचायला सांगितलं.

लक्ष्मीकांतांनी वाचलं. "माझ्या वतीने सौ. गरिमा खांबेटे बोलतील. माझा पत्ता यापुढे किला गेट. मला बरं नसेल तर लक्ष्मीकांतला कळवावं. त्याला विचारू नये."

शेवटचं वाक्य त्यांनी वाचलं, मग मनात पुन्हा वाचलं असावं, कारण ओठ हलले. कागद खाली ठेवला. शेवटी त्यांनी विचारलं,

"त्या खोलीला पाणी येतं का, ताई?"

"एक दिवसाआड. सकाळी सहाला." वनमालाबाईंनी पेनाचं टोपण लावलं. "तू आठनंतर ये. आणि फोन करून ये."